न दिसणें आणि नसणें

वैद्य, न्यायाधीश आणि तार्किक या तिघांचे व्यवसाय वेगळे; परंतु तिघांनाहि एकच प्रश्न उंबरठ्यावर थोपवून धरतो: हें कशावरून? ज्वर आहे, तो कशावरून? ऋण फेडलें, तें कशावरून? डोंगरावर अग्नि आहे, तो कशावरून? आपल्या देशांतील तिन्ही शास्त्रांनीं या प्रश्नाचें उत्तर आपापल्या परीनें देऊन ठेविलें आहे. न्यायदर्शनानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं. चरकसंहितेनें आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीस युक्ति घेतली. कारण रोग पुष्कळ कारणांच्या संगमांतून उपजतो व वैद्याला तीं सर्व कारणें एकत्र जुळवून पाहावीं लागतात. याज्ञवल्क्यस्मृतीनें व्यवहारांत, म्हणजे न्यायदानांत, लेख, भोग आणि साक्षीदार हीं तीन प्रमाणें सांगितलीं, आणि यांपैकीं एकहि हातीं नसेल तरच दिव्याची वाट मोकळी ठेविली.

या सर्व प्रमाणांच्या मेळ्यांत एक प्रमाण मोठें विलक्षण आहे. भाट्ट मीमांसकांनीं व अद्वैत वेदान्त्यांनीं त्याला अनुपलब्धि असें नांव दिलें. अनुपलब्धि म्हणजे न आढळणें. जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून तेथें घट नाहीं, हें ज्ञान न दिसण्यामुळेंच होतें. पण शास्त्रकारांनीं लगेच एक अट घातली. जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिचेंच न दिसणें हें प्रमाण होय. उजेड आहे, दृष्टि शाबूत आहे, पाहणारा योग्य जागीं पाहत आहे, आणि तरीहि घट दिसत नाहीं, तर घटाचा अभाव सिद्ध झाला. काळोख्या खोलींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घट नाहीं असें म्हणणारा मनुष्य आपल्या डोळ्यांची मर्यादा हीच जगाची मर्यादा समजत असतो.

हा नियम ग्रंथांतच राहिला असता तर त्याची आठवण काढण्याचें विशेष कारण नव्हतें. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींत त्याची दोनदां कसोटी लागली; एकदां न्यायालयांत, आणि एकदां बाळंतिणीच्या खोलींत. नागभीड हें या मुलुखाचें जंक्शन. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारा लोहमार्ग आणि नागपूरहून येणारा फांटा येथें एकत्र मिळतात. नागभीडहून गोंदियाच्या दिशेनें निघालें कीं ब्रह्मपुरी लागतें, आणि वैनगंगा ओलांडली कीं वडसा. या वडसा स्टेशनचें गांव म्हणजे देसाईगंज. १९७२ सालीं हा सर्व मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यांत होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वैनगंगेपलीकडचा भाग तोडून गडचिरोली हा निराळा जिल्हा करण्यांत आला. भात, मोह, बांबू आणि तेंदूचीं पानें यांवर जगणारा हा मुलूख. शहरांतील सुशिक्षित घरांत जन्माचा दाखला पेटींत जपून ठेवलेला असतो. येथील मजुराच्या घरांत त्या काळीं पेटीहि क्वचित् आणि दाखलाहि क्वचित्. पुराव्याच्या बाबतींत घराघरांत पहिला भेद पडतो तो येथेंच.

ज्या कायद्यानें या मुलुखांतहि पुराव्याचें तोलन होत असे, तो १८७२ चा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडितानें त्याचा मसुदा घडविला आणि दीडशें वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानांतील न्यायालयें त्याच तराजूनें तोलीत राहिलीं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं नवा अधिनियम आला. जो एखादी गोष्ट आहे असें म्हणतो त्यानेंच ती सिद्ध करावी, हें त्या कायद्याचें एक मूलतत्त्व. फौजदारी खटल्यांत आरोपीचा अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला पाहिजे, आणि संशय उरला तर त्याचा लाभ आरोपीस मिळाला पाहिजे. हें तत्त्व अन्यायाचें नव्हे. ज्याला वकील करण्याची ऐपत नाहीं अशा गरिबाला, सरकारच्या बळापुढें, याच तत्त्वाचा आधार असतो. मात्र त्यांत एक अडचण आहे. जी गोष्ट केवळ एकाच पक्षाला ठाऊक असूं शकते, ती दुसऱ्या पक्षानें सिद्ध कशी करावी? कायद्याला ही अडचण अगदींच दिसली नव्हती असें नाहीं. विशेषेंकरून ज्याच्या ज्ञानांत एखादी गोष्ट असेल, त्याच्यावर ती सिद्ध करण्याचा भार राहील, असें त्याच्या १०६ व्या कलमांत म्हटलें होतें. पण हें कलम अपवादासारखें एका कोपऱ्यांत पडून असे.

या कायद्याला शंभर वर्षें होत होतीं, त्याच १९७२ सालच्या २६ मार्चची रात्र. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यावर एक मजूर मुलगी आणली गेली. लहानपणींच आईबाप वारलेले; ती भावाजवळ राही, आणि दोघेंहि मोलमजुरी करीत. ज्या घरीं ती कामास जाई, त्या घरच्या एका तरुणाशीं लग्न करण्याचें तिनें ठरविलें होतें. भावानें बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली, म्हणून रात्रीं नऊच्या सुमारास सर्व मंडळींना ठाण्यावर आणण्यांत आलें. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास, मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणून दे असें भावाला सांगून, जबान्या घेणारा अंमलदार निघून गेला. मंडळी बाहेर पडूं लागली, तेव्हां मुलीला मात्र आंत थांबविण्यांत आलें. ठाण्याचे दिवे मालवलेले आणि दार आंतून लागलेलें असें बाहेरच्यांना आढळलें. हांका मारल्या, उत्तर येईना. मुलगी केव्हांच गेली, असें सांगण्यांत आलें. कांहीं वेळानें ती बाहेर आली, आणि एका कॉन्स्टेबलानें आपल्यावर बलात्कार केला व एका हेड कॉन्स्टेबलानें विनयभंग केला असें तिनें सांगितलें. लोक जमले, ठाणें जाळण्याची भाषा निघाली, तेव्हां फिर्याद लिहून घेण्यांत आली. त्या मुलीचें नांव पुढें देशभर झालें. अशा स्त्रीचें नांव छापूं नये, असा नियम याच खटल्याच्या परिणामानें कायद्यांत आला. म्हणून तें येथें घेतलेलें नाहीं.

डॉक्टरांनीं मुलीची तपासणी केली ती दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां, म्हणजे सुमारें वीस-एकवीस तासांनीं. अंगावर इजेची खूण आढळली नाहीं. पूर्वीं शरीरसंबंध आलेला असल्याचीं चिन्हें आहेत, असें नोंदविण्यांत आलें. वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान असावें, असा अंदाज देण्यांत आला. रासायनिक तपासणींत मुलीच्या कपड्यांवर आणि कॉन्स्टेबलाच्या पायजम्यावर रेताचे डाग मिळाले. वैद्यकानें न्यायालयाच्या हातीं जें दिलें तें एवढें.

यांतील वयाचा मुद्दा किती वजनदार होता हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या वेळच्या दंडविधानाप्रमाणें सोळा वर्षांच्या आंतील मुलीच्या संमतीला कांहींच अर्थ नव्हता; वय तेवढें सिद्ध झालें असतें तर संमति होती कीं नव्हती हा वादच उपस्थित झाला नसता. परंतु शरीराच्या खुणांवरून वय सांगणें म्हणजे झाडाच्या बुंध्यावरून पेरणीची तारीख सांगण्यासारखें आहे. चौदा ते सोळा या अंदाजाची वरची कड नेमकी कायद्याच्या रेषेवर येऊन टेकली, आणि मुलगी सोळा वर्षांच्या आंतील असल्याचा समाधानकारक पुरावा नाहीं असें सत्र न्यायाधीशांनीं ठरविलें. जन्माची नक्कल आणण्यास सांगून जो अंमलदार त्या रात्रीं बाहेर पडला, त्याच्या तोंडचे ते साधे शब्द पुढें खटल्याच्या मुळाशीं जाऊन पोंचले.

यानंतर एकच पुरावा तीन न्यायालयांसमोर गेला आणि त्याचीं तीन वाचनें झालीं. १ जून १९७४ रोजीं सत्र न्यायाधीशांनीं दोघांहि आरोपींस निर्दोष सोडलें. ठाण्यांत शरीरसंबंध झाला असावा. पण संबंध आणि बलात्कार यांत फार अंतर आहे, मुलगी अशा संबंधास सरावलेली आहे आणि तिच्या शब्दावर विसंबतां येत नाहीं, असें त्यांचें मत पडलें. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें हा निकाल फिरविला. कॉन्स्टेबलास पांच वर्षांची व हेड कॉन्स्टेबलास एक वर्षाची शिक्षा दिली. ठाण्यांतील दोन अनोळखी पोलिसांकडे ही मुलगी आपण होऊन जाईल हें संभवत नाहीं. ज्यांच्या हातीं तिच्या भावाच्या तक्रारीचा निकाल होता त्यांच्यापुढें ती असहाय होती. आणि धाकानें निमूट राहणें म्हणजे संमति देणें नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. शेवटीं १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नांवानें प्रसिद्ध झालेल्या निकालांत, दोघांनाहि पुन्हा निर्दोष ठरविलें. अंगावर इजा नाहीं, त्याअर्थीं जोराचा प्रतिकार केल्याची हकीकत खरी नव्हे. मृत्यूचें किंवा इजेचें भय घातल्याचाहि पुरावा नाहीं. म्हणून संमति नव्हती असें म्हणतां येत नाहीं, अशी त्या निर्णयाची विचारसरणी होती.

तीन न्यायालयांमध्यें वस्तुस्थितीविषयीं जेवढा मतभेद होता, त्याहून अधिक होता तो न आढळलेल्या गोष्टीच्या अर्थाविषयीं. इजेची खूण न आढळणें ही वैद्यकाची नोंद आहे. ती प्रत्यक्षाच्या कोटींतील आहे आणि तिच्याविषयीं वाद नाहीं. परंतु खूण नाहीं म्हणून प्रतिकार नाहीं, आणि प्रतिकार नाहीं म्हणून संमति आहे, या दोन पायऱ्या अनुमानाच्या आहेत. जुन्या शास्त्रकारांची अट येथें लावून पाहिली म्हणजे पायऱ्यांतील फट उघड होते. प्रतिकार झाला असता तर खूण उमटलीच असती, हें अगोदर सिद्ध झालें पाहिजे. झटापटीची प्रत्येक खूण शरीरावर राहतेच असें नाहीं, आणि राहिली तरी एकवीस तासांनंतर ती दिसेलच असेंहि नाहीं. दुसरी पायरी तर याहून कच्ची आहे. संमति नसती तर प्रतिकार झालाच असता, हें रस्त्यावरील दोन समबल माणसांविषयीं कदाचित् म्हणतां येईल. रात्रीं पोलीस ठाण्यांत, गणवेशांतील माणसांसमोर, दार बंद झाल्यावर उभ्या असलेल्या पोरक्या मजूर मुलीविषयीं तें म्हणतां येत नाहीं. भयानें पायांतलें बळ जातें हें सांगण्यास शरीरशास्त्र लागत नाहीं. ज्या खोलींतील दिवा मालवलेला होता, त्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नव्हता, असा हा निर्णय होता.

हीच गोष्ट चार कायद्याच्या अध्यापकांनीं सप्टेंबर १९७९ मध्यें सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका खुल्या पत्रांत मांडली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार हे ते चौघे. त्या पत्रांत एकहि नवा साक्षीदार नव्हता, एकहि नवा डाग नव्हता. निकालपत्रांतील पुरावाच त्यांनीं पुन्हा वाचला. मुलीला रात्रीं ठाण्यावर बोलावून ठेवून घेणें कायद्याला धरून होतें काय, याविषयीं न्यायालयानें एक शब्दहि कां काढला नाहीं, असें त्यांनीं विचारलें. निमूट राहणें आणि संमति देणें यांतील जो भेद उच्च न्यायालयानें केला, तो कोणत्या कारणानें पुसला गेला, असेंहि विचारलें. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला अध्यापकांनीं असें उघड पत्र लिहावें ही त्या काळीं असाधारण गोष्ट होती. ८ मार्च १९८० रोजीं मुंबई, दिल्ली, नागपूर वगैरे शहरांतून स्त्रियांनीं मोर्चे काढले. निकालाच्या फेरविचाराची मागणी न्यायालयानें मान्य केली नाहीं. तर्काच्या बळावर लोकांचें मन वळलें, परंतु निकाल वळला नाहीं.

कायदा मात्र वळला. एप्रिल १९८० मध्यें विधि आयोगानें आपला ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ सालीं फौजदारी कायद्यांत सुधारणा झाली. पुराव्याच्या कायद्यांत ११४-अ हें नवें कलम आलें. पोलीस ठाणें, तुरुंग, इस्पितळ यांसारख्या ठिकाणीं, जेथें स्त्री दुसऱ्याच्या ताब्यांत असते, तेथें शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमति नव्हती असें स्त्रीनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असें न्यायालयानें गृहीत धरावें, असें त्यांत ठरलें. या कलमाची व्याप्ति बारकाईनें पाहण्यासारखी आहे. आरोपीला निर्दोष मानण्याचें तत्त्व त्यानें रद्द केलें नाहीं. शरीरसंबंध झाला हें फिर्यादी पक्षानेंच सिद्ध करावयाचें राहिलें. केवळ जेथें एका पक्षाच्या हातीं किल्ली असते आणि दुसरा पक्ष आंत कोंडलेला असतो, तेथें शेवटच्या एका प्रश्नाचा भार किल्ली बाळगणाऱ्याच्या बाजूला सरकविण्यांत आला. १०६ व्या कलमांत जो विचार कोपऱ्यांत पडून होता, तोच येथें एका विशिष्ट अन्यायाच्या अनुभवानें पुढें आला.

वाटचाल तेथेंच थांबली नाहीं. फिर्यादी स्त्रीच्या सामान्य चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष पाडण्यास परवानगी देणारें पोटकलम २००२ च्या सुधारणेनें गेलें. वैद्यकीय तपासणीची रीति बदलण्यास याच विदर्भांतून चालना मिळाली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेंतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं बलात्काराच्या प्रकरणांतील तपासण्या किती सदोष रीतीनें होतात याचा अभ्यास मांडला, नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका झाली, आणि २०१४ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें तपासणीचे नवे नियम प्रसिद्ध केले. स्त्री पूर्वीं संबंधास सरावलेली होती काय हें बोटांनीं तपासण्याची जुनी पद्धति शास्त्रशुद्ध नाहीं आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें म्हटलें. २०२२ मध्यें तर अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असें बजावलें. २०१३ च्या सुधारणेनें दंडविधानांतच स्पष्टीकरण घातलें कीं, स्त्रीनें शरीरानें प्रतिकार केला नाहीं, एवढ्याच कारणावरून तिनें संमति दिली असें मानतां येणार नाहीं. देसाईगंजच्या निकालांतील ती कच्ची पायरी अशा रीतीनें पस्तीस वर्षांनीं कायद्याच्या शब्दांनीं काढून टाकण्यांत आली.

न्यायालयांत हा वाद पेटलेला असतांना वैद्यकांतहि त्याच मुलुखांत तोच प्रश्न वेगळ्या वेषांत उभा राहिला. १९८६ सालीं डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हें दांपत्य गडचिरोलीस येऊन राहिलें आणि त्यांनीं सर्च ही संस्था काढली. ग्रामीण स्त्रीचें आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी त्या काळीं जगभर समजूत होती. याखेरीज तिला दुसरे स्त्रीरोग असल्याचा पुरावा सरकारी दप्तरांत नव्हता. बंग दांपत्यानें वसा आणि अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकीं शेंकडा ९२ स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचें आढळलें, आणि पूर्वीं कधीं यासाठीं तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेंकडा अवघ्या ८ होत्या. १९८९ सालीं लॅन्सेट या लंडनच्या वैद्यकीय पत्रांत हें संशोधन प्रसिद्ध झालें. रोग नव्हते म्हणून ते नोंदले गेले नव्हते असें नव्हे. कोणीं विचारलें नव्हतें, म्हणून ते नोंदले गेले नव्हते.

नवजात बालकांची गोष्ट याहून करुण होती. बाळंतपणें बहुतेक घरींच होत. बाळ आणि बाळंतीण अंधाऱ्या खोलींत असत, आणि पुष्कळ बाळें बारसें होण्याच्या आधींच जात. ज्याला नांव नाहीं, ज्याचा जन्म कोठें लिहिलेला नाहीं, त्याचा मृत्यु तरी कोठें लिहिला जाणार? २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या अहवालानें महाराष्ट्रांतील अनेक भागांत प्रत्यक्ष मोजणी करून दाखविलें कीं, सरकारी नोंदींत जितके बालमृत्यु होते त्यांहून वस्तुतः ते पुष्कळच अधिक होते. दप्तरांतील न दिसणें येथेंहि नसणें ठरत होतें.

१९९५ सालीं सर्चनें गडचिरोलीच्या ३९ गांवांत गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत नेमलें. पहिल्या वर्षीं मुख्यतः पाहावयाचें आणि लिहावयाचें होतें. आरोग्यदूतानें घरीं जावें, बाळाचें वजन करावें, ताप पाहावा, श्वास मोजावे, तें दूध कसें ओढतें हें पाहावें, आणि सर्व लिहून ठेवावें. या रीतीनें ७६३ नवजात बालकांचा पहिला महिना नोंदला गेला. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती, आणि तसे उपचार मिळालेलीं बालकें शेंकडा तीनहि नव्हतीं. प्रथमच त्या अंधाऱ्या खोलींत दिवा आला होता.

पुढें याच स्त्रियांना बाळाच्या जंतुदोषावर उपचार करण्यास, अगदीं सुई टोंचण्यासहि, शिकविण्यांत आलें. हा विचार धाडसाचा होता. असा उपचार इस्पितळांतच व्हावा, अशी वैद्यकाची रूढ समजूत. ती समजूत मोडावयाची तर केवळ कळकळ पुरेशी नव्हती. बालमृत्यु कमी झाले तरी ते पावसापाण्यामुळें, रस्त्यामुळें किंवा योगायोगानें कमी झाले नाहींत, हें कशावरून? म्हणून ४७ गांवें तुलनेसाठीं घेतलीं, जेथें ही विशेष सेवा नव्हती, पण मोजणी तितक्याच काटेकोरपणें होत होती. हीच रीति १७४७ सालीं जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें सॉल्सबरी या जहाजावर योजिली होती: रक्तपितीच्या बारा खलाशांना दोघादोघांत वांटून सहा निरनिराळे उपचार दिले, आणि संत्रीं-लिंबें खाणारे दोघे लवकर बरे झाले. लिंडनें १७५३ सालीं ग्रंथ लिहिला. तरी ब्रिटिश आरमारानें लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडलें. पुरावा मिळणें आणि पुरावा पटणें यांत अशीं बेचाळीस वर्षें जाऊं शकतात.

गडचिरोलींत तिसऱ्या वर्षीं, १९९७-९८ मध्यें, सेवेच्या गांवांत हजार जिवंत जन्मांमागें सुमारें २५ नवजात मृत्यु झाले; तुलनेच्या गांवांत सुमारें ६०. नवजात मृत्यूंत शेंकडा ६२ इतकी घट झाली होती. जंतुदोष झालेल्या बालकांत मृत्यूचें प्रमाण पूर्वीं शेंकडा १६.६ होतें, तें २.८ वर आलें. डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्यें हें प्रसिद्ध झालें, आणि २०११ सालीं भारत सरकारनें आशा स्वयंसेविकांमार्फत नवजात बालकांची घरीं जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

या दोन कथांत पुराव्यानें दोन निरनिराळ्या रीतींनीं काम केलें. देसाईगंजच्या प्रकरणांत नवा पुरावा कांहींच मिळाला नाहीं. जुन्या पुराव्याला विचारलेला प्रश्न बदलला. इजा कोठें आहे, या प्रश्नाच्या जागीं, ही मुलगी त्या वेळीं नाहीं म्हणण्यास मोकळी होती काय, हा प्रश्न आला. गडचिरोलीच्या झोपड्यांत प्रश्न जुनाच होता, बाळें कां जातात. पण पाहणारा बदलला. जो डॉक्टर तीस मैलांवर बसून दप्तर पाहत होता, त्याच्या जागीं शेजारची बाई घड्याळ घेऊन श्वास मोजूं लागली. दोन्ही ठिकाणीं अट तीच: न आढळण्याला प्रमाण मानावयाचें, तर आढळण्याची सोय प्रथम केली पाहिजे.

आणि हा नियम दुधारी आहे, हेंहि विसरून चालत नाहीं. दुःखिताच्या बाजूनें बोलणाऱ्यालाहि तो तितकाच बांधतो. उपचार करणाऱ्यांना ४७ गांवांशीं तुलना करूनच यश सांगतां आलें. कायदा करणाऱ्यांना गृहीतकाची व्याप्ति आखूनच भार सरकवितां आला. कळकळीनें पुराव्याची जागा घेतली असती तर निर्दोष मनुष्य तुरुंगांत आणि निरुपयोगी औषध बाळाच्या अंगांत जाण्यास वेळ लागला नसता. न्यायदर्शनांत तर्काला स्वतंत्र प्रमाण मानलेलें नाहीं, प्रमाणांचा साहाय्यक मानलेलें आहे. खुल्या पत्रानें केलें तें हेंच साह्य.

ज्या मुलीमुळें कायदा बदलला, तिला त्या बदलाचा लाभ मिळाला नाहीं. फौजदारी कायदा मागें जाऊन शिक्षा देत नाहीं, आणि तें योग्यच आहे; आरोपींची निर्दोष सुटका कायम राहिली. तिच्या पदरांत पडली ती केवळ एवढी गोष्ट कीं, तिच्यानंतर ठाण्याच्या दारांतून बाहेर येऊन तोच शब्द उच्चारणाऱ्या स्त्रीला, तुझ्या अंगावर खूण कोठें आहे, असें विचारून परत पाठवितां येत नाहीं.

वडशाहून पुढें गडचिरोलीकडे गेलें म्हणजे ज्या गांवांत आरोग्यदूतांनीं त्या वह्या भरल्या तीं गांवें लागतात. कोणत्या घरीं, कोणत्या दिवशीं, किती वजनाचें बाळ जन्मलें, हें त्या वह्यांतून लिहिलेलें आहे. बाळाचें नांव ठेवलें जाण्याच्या आधींच त्याची नोंद झालेली आहे. अशी एक ओळ १९५६ च्या आसपास त्याच नदीकांठच्या एखाद्या वहींत पडली असती, तर सोळा वर्षांनीं एका मुलीचें वय तिच्या शरीराच्या खुणांवरून शोधीत बसण्याचा प्रसंग न्यायालयावर आला नसता.